चाळीसची खोली

त्या रविवारी दुपारी आत्या गायली. चाळीसची खोली सताड उघडून, खिडकीशी बसून गायली, आणि तिला गा म्हणून सांगणारे खुद्द थोरले होते.

असं काहीही झालेलं नाही. घराची अधिकृत भूमिका अशी आहे की त्या दुपारी सगळे जेवले, ऊन फार होतं म्हणून आडवे झाले आणि उठल्यावर चहा प्याले. कारण आत्या गायली हे एकदा मान्य केलं की ती गायची थांबली कधी आणि का, हेही मान्य करावं लागतं, आणि तेवढी जागा या घरात कोणाकडे नाही. तेव्हा आपणही जेवणापासूनच धरू.

जेवायला पाच जण होते. थोरले तिकडून कायमचे परत आल्याला महिना होत आला होता, तरी ते खुर्चीच्या कडेवर बसायचे, जसं काही जेवण लांबलं तर विमान चुकेल. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिकडे तेलाच्या नळांना वेल्डिंग करण्यात घालवली होती. तिकडे म्हणजे नक्की कुठे, हे घरात कोणी विचारत नसे. ‘तिकडे’ हेच त्या देशाचं नाव होतं. टपालवाल्यालासुद्धा ते पुरायचं.

त्यांच्यासमोर त्यांची बायको, थोरली. शेजारी मधले भाऊ. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांना सगळेच ‘कारकून’ म्हणायचे. बायको होती तोवर तीही म्हणायची, आणि ते त्यावर सही केल्यासारखी मान हलवायचे. मग सगळ्यांत धाकटी बहीण, आत्या. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून घासून तिची बोटं गुळगुळीत झाली होती. आणि टोकाला थोरल्यांचा मुलगा. तो छपरांवर सूर्याच्या पाट्या बसवायचा, म्हणून त्याचं नाव सोलर पडलं होतं. तेलावर वाढलेलं पोर सूर्य विकतं, याचं थोरल्यांना वाईट वाटत नसे. त्यांना नुसतं पटत नसे. सूर्य तिकडेही रग्गड होता, आणि लोक त्याच्यापासून लपायला पैसे मोजायचे.

हे घर तेलाच्या भावाने बांधलेलं. पिंपाचा भाव चढला की तिकडे कामं निघायची, कामं निघाली की थोरल्यांचा ओव्हरटाइम वाढायचा, आणि ओव्हरटाइम वाढला की इकडे गवंडी यायचा. म्हणून खोल्यांची नावं पिंपाच्या डॉलरमधल्या भावावरून पडली. तीनचं स्वयंपाकघर. बाराची माडी. चाळीसची खोली. मग भाव दहावर आपटला तेव्हा गवंडी अर्ध्यात निघून गेला, त्यामुळे दहाचा जिना छतापर्यंत जातो आणि तिथे थांबतो. पुढे भाव शंभरावर गेला, पण तोवर बांधायची हौस फिटली होती. त्या पैशात सोलर शिकला. थोरली अजून त्याला लाडाने ‘माझी शंभराची खोली’ म्हणते.

बाहेरच्यांचा गोंधळ व्हायचा. एकदा डॉक्टर घाईघाईत आले. “पेशंट कुठाय?” “बारामध्ये.” डॉक्टरांनी बारा हे वय समजून दारातूनच गोड सिरप लिहून दिलं. आजारी कारकून होते. त्यांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत घेतलं, कारण कागदावर तसं लिहिलेलं होतं.

जगात कुठे रणगाडे हलले की थोरली विटा सांगून ठेवायची. तिला त्यात आनंद नव्हता. पण नकाशावरचे बरेच देश ती घरावरूनच ओळखायची.

“हा कुठला गं देश?” आत्या पेपर दाखवून विचारायची.

“तो नाही का, आपल्या माडीचा.”

तर त्या दुपारी भात वाढून झाला आणि आत्या म्हणाली, “रेडिओवरून फोन आला होता.”

थोरलीने तांब्या उचलला.

“वन्सं, पाणी घ्या.”

“घेतलंय वहिनी.”

“अजून घ्या.”

“जुने आवाज शोधतायत ते,” आत्या म्हणाली. “पुन्हा येऊन गाल का, विचारत होते. आज संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाले. नाहीतर दुसऱ्या कोणाला बोलावतील.”

“मग कळव की,” सोलर म्हणाला. “त्यात काय विचारायचं.”

“मला नाही विचारायचं. दादाला सांगायचंय.” आत्याने थोरल्या भावाकडे बघितलं. भिंगात चरा आहे का, हे ती असंच बघायची. “मी थांबले ती याच्या सांगण्यावरून. आता सुरू करायचं तर याच्याच सांगण्यावरून. बंद करायचं काम घरानं केलं, आणि उघडायचं मी एकटीने का करू? हा म्हणाला गा, तर जाईन. नाही म्हणाला, तर नाही म्हणून कळवीन. पण आज त्याने तोंडाने म्हणायचं.”

“आता या वयात, वन्सं,” थोरली म्हणाली.

“या वयात काय वहिनी? भिंगं घासतेच आहे ना या वयात?”

“तसं नव्हे. लोक काय...”

“सदर बाब,” कारकून ताटात बघत म्हणाले, “फार जुनी आहे.”

“काका, जुनी आहे म्हणूनच बोलावतायत तिला. नवीन असती तर कशाला बोलावलं असतं?”

थोरले मात्र घास हातात धरून बसले होते. पंपाच्या घरघरीने त्यांचा उजवा कान कधीच गेला होता, आणि डाव्यावरही त्यांचा फारसा विश्वास राहिला नव्हता. त्यांनी शब्द मनात पुन्हा लावून बघितले. माझ्या सांगण्यावरून.

त्यांना आठवत होतं ते वेगळंच. पहिल्या उन्हाळ्यात तिकडे लोखंडाला हात लावला तर कातडी लोखंडाकडेच राहायची. पत्र्याच्या खोलीत आठ जण, पंखा एक, तोही गरम वारा ढवळणारा. आणि भाव चढला तसं त्या देशाने मजुरांच्या वस्तीजवळ मोठं प्रार्थनाघर बांधलं. आत गालिचा, आणि आत गारवा. संध्याकाळी प्रवचन असायचं. प्रवचनाला बसेल त्याला गारवा फुकट. थोरले आधी गारव्यासाठी गेले. मग सवय लागली. मग सवयीतून श्रद्धा कधी बसली ते त्यांनाही कळलं नाही, जशी गाडीत डुलकी लागते. देव आणि गारवा त्यांना आयुष्यात एकदमच भेटले होते, आणि पुढे ते दोघांना वेगळं काढू शकले नाहीत.

चाळीसची खोली त्यातूनच झाली. पांढरी फरशी, दाट गालिचा, खिडकीत तिकडून आणलेला एसी. घरातली एकमेव गार खोली देवाची होती. उकाड्यात पोरं तिथे इतक्या भक्तिभावाने बसायची की शेजाऱ्यांना या घराचा हेवा वाटे.

“तिकडे भाव चढला की इकडे देव कडक व्हायचा,” कारकून एकदा ऑफिसात बोलून गेले होते. त्यांना ते गाऱ्हाणं म्हणून सांगायचं होतं, कारण भाव चढला की बसचं तिकीटही वाढायचं, आणि भावाने पाठवलेल्या विटांसमोरून ते चालत घरी यायचे. पण खोटं नव्हतं. त्याच वर्षांत दोन गल्ल्या सोडून तिकडच्या पैशाने उंच मनोऱ्याचं नवं प्रार्थनाघर उभं राहिलं, नवे प्रवचनकार आले, आणि जुन्या, बसक्या, पोपडे निघालेल्या प्रार्थनाघरातला म्हातारा, जो पोरांना मधेच गोष्टी सांगायचा आणि स्वतःच हसायचा, तो एकाएकी कमी धार्मिक ठरला. पुढे भाव दहावर आला. प्रवचनकारांचे पगार थांबले, ते गेले, आणि देव पुन्हा साधा झाला. पण तोवर बऱ्याच घरांतली बरीच कामं उरकून झाली होती.

थोरलीला ती वर्षं आवडली होती. हे ती कोणाला सांगणार नाही. नवरा दोन वर्षांतून एकदा दिसायचा. त्याची बॅग उघडली की साबणाचा, रबराचा आणि आणखी कशाचा तरी वास माडीभर व्हायचा, आणि अख्खी गल्ली नुसता वास घ्यायला यायची. बाकी दिवस ती एकटी. पण त्या वर्षांत ती रस्त्यावरून गेली की बायका सरकून जागा द्यायच्या. तिच्याकडे तिकडची प्रवचनाची कॅसेट होती, एसी होता, आणि सगळ्यांत आधी गाणं बंद झालेलं घर होतं. माणूस जवळ नसला की मान तरी जवळ लागतो.

“मी सांगितलं?” थोरले शेवटी म्हणाले. “मी कधी सांगितलं तुला?”

“मला नाही. वहिनीला. फोनवर.”

“कुठल्या फोनवर?”

“अहो, तो नाही का,” थोरली म्हणाली. तिचा हात आपोआप पदराकडे गेला. “चष्म्याच्या दुकानात यायचा तो. आपल्याकडे कुठे होता तेव्हा? तुम्ही आठवडाभर आधी निरोप धाडायचात, अमुक वाराला अमुक वाजता. मी आणि भावोजी जाऊन बसायचो. तीन मिनिटांचा फोन. त्यातलं एक मिनिट नुसतं हॅलो हॅलो.”

“दर प्रचंड होता,” कारकून म्हणाले.

“त्या दिवशी तर तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी विचारतेय तब्येत कशी आहे, तर तुम्ही एकदम ओरडलात. ‘ते गाणं बंद करा.’ दोनदा म्हणालात. आणि फोन तुटला.”

“बरं. मग?”

“मग काय मग? घरी आलो आणि सांगितलं. शब्द न शब्द सांगितला, एक अक्षर पदरचं नाही. महिन्याआधीच तर तुमची ती कॅसेट आली होती, गाण्याने मन कसं बिघडतं त्याची. म्हटलं, एवढ्या महागाच्या फोनवर माणूस फुकटचं कशाला बोलेल? महत्त्वाचं असेल तेच बोलेल.”

थोरल्यांनी घास खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर पोराला नळाची जोडणी समजावताना यायचा तसा भाव आला.

“अगं, रेडिओ,” ते म्हणाले. “मागे रेडिओ बोंबलत होता. दुकानातला. मला तुझं काही ऐकू येईना. म्हणून म्हटलं, ते गाणं बंद करा.”

सोलरने हातातला चमचा ताटात ठेवला.

“म्हणजे रेडिओ बंद करा,” त्याने सावकाश विचारलं.

“मग काय सांगतोय मी?”

“आणि यांनी आत्या बंद केली.”

“तुम्ही समजून घ्यायला नको?” थोरले बायकोकडे वळले. “साधं वाक्य होतं.”

“साधं कसलं? तुम्ही तेव्हा साधं काही बोलत होतात का? कपबशी फुटली तरी त्यात पाप-पुण्य काढायचात,” थोरली म्हणाली. आणि मग तिने तोफ बाजूला वळवली. “आणि मी नुसता निरोप आणला. नियम केला तो भावोजींनी. ‘आजपासून या घरात गायन होणार नाही’ हे मी म्हटलं नव्हतं. आजपासून वगैरे माझ्या तोंडात येतं का कधी?”

“वरून आलेल्या आदेशाची अंमलबजावणी,” कारकून म्हणाले आणि थांबले. वाक्य पुढे जात नव्हतं. जन्मभर त्यांची वाक्यं स्वतःच्या पायांनी पुढे जात आली होती.

“आदेश! मी काय राजा होतो तिकडे? पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर झोपत होतो.”

“तुझ्या पैशावर घर उभं राहत होतं, दादा. तू शिंकलास तरी आम्ही त्याचा अर्थ लावायचो,” कारकून म्हणाले.

“वहिनीला बोलू नका,” आत्या म्हणाली. तिने आपलं ताट हळूच पुढे सरकवलं. भांडण तिच्यावरून सुरू झालं होतं आणि तिला वगळून छान चाललं होतं. “ती एकटी होती. तिला जे ऐकू आलं ते तिने सांगितलं. वार कुठला होता वहिनी?”

“गुरुवार.”

“संध्याकाळ?”

थोरलीने डोळे मिटले.

“गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर मी असायचे,” आत्या म्हणाली. “थेट. म्हणून तर मी तुमच्याबरोबर दुकानात नव्हते. तो बोंबलत होता ना दादा, तो रेडिओ नव्हता. मी होते.”

तिच्या डोळ्यांसमोर गुरुवार उभा राहिला, जसा तो खरोखर असायचा. पाच वाजता केस धुवायचे आणि ओलेच बांधायचे. स्टुडिओचं दार दोन्ही हातांनी ओढावं लागायचं, इतकं जड. आत बुरशीचा आणि गरम तारांचा वास. काचेपलीकडचा माणूस बोट वर करायचा आणि ते बोट खाली आलं की जगात दुसरं कोणी उरायचं नाही. परत येताना गल्लीतल्या प्रत्येक दारातून तिला तिच्याच गाण्याबद्दल काहीतरी मिळायचं: एक मान डोलवणं, एक वाटीभर काहीतरी, आणि चष्मेवाल्याचं ठरलेलं वाक्य, “पोरी, आज माझी तीन गिऱ्हाइकं उठलीच नाहीत. आंधळी झाली असती तर बरं, धंदा तरी झाला असता.” गाणं थांबलं तेव्हा त्यानेच तिला कामावर ठेवलं. कारण विचारलं नाही. फक्त गुरुवारी संध्याकाळी तो रेडिओ कापडाने झाकून ठेवायचा.

थोरल्यांच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. फोनचं ते गंजकं खोकं, मागे रांगेत उभे असलेले तीसेक मजूर, कानाला चिकटलेली वाळू आणि पलीकडून तारेत गुंतलेला एक बाईचा आवाज. तो आवाज चांगला होता. तेव्हाही त्यांना वाटलं होतं, चांगला आहे. आणि पुढच्या रजेला घरी आले तेव्हा बहीण गात नव्हती. त्यांनी विचारलं नाही. तिकडे परत गेल्यावर सहज कोणाला तरी सांगितलं, की आमच्याकडे बहिणीने स्वतःहून सोडलं. ते प्रवचनकारापर्यंत गेलं. त्यांना पहिल्या रांगेत बसवण्यात आलं, थेट गारव्याखाली. अशा जागेवरून माणूस सहसा प्रश्न विचारायला उठत नाही.

“मला वाटलं, तुझं तू सोडलंस,” ते म्हणाले.

“विचारायचं होतंस.”

“अगं, मिनिटाचा दर...” ते म्हणाले, आणि पुढचं गिळलं. समोर सोलरचा मोबाइल पडला होता. कुठल्याही देशात, हवं तितकं, फुकट.

मग थोरले उठले. हात धुतले. चाळीसच्या खोलीत गेले, आणि आतून काहीतरी ओढल्याचा, मग लाकूड करकरल्याचा आवाज आला. त्या खोलीच्या खिडक्या खोली झाल्यापासून उघडल्या नव्हत्या, गारवा बाहेर जाईल म्हणून. एक झडप त्यांच्या हातातच आली. ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. एसी बंद केला.

“चिमणे,” ते दारात येऊन म्हणाले. या नावाने आत्याला हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. “ये. गा.”

“बाबा, एसी राहू दे की, उकडेल,” सोलर म्हणाला.

“त्याचा आवाज येतो मधे,” थोरले म्हणाले.

आत्या खिडकीशी बसली. गालिच्यावर थोरली बसली, मांडी न घालता, पाय पोटाशी घेऊन, जशी ती लग्न होऊन आली तेव्हा बसायची. बाहेरचं ऊन, बाहेरची धूळ, एका मोटारसायकलचा धूर असं सगळं चाळीसच्या खोलीत पहिल्यांदाच येत होतं, आणि पांढरी फरशी त्याने जरा माणसात आल्यासारखी दिसत होती.

आत्याने सुरुवात केली ती गुरुवारच्या गाण्यापासून. पहिली ओळ आली. थोडी खरखरीत, पण आली, आणि थोरलीने ओठांनी तिच्याबरोबर शब्द धरले, कारण तिलाही ते अजून पाठ होतं. दुसऱ्या ओळीत गाणं वर चढतं. तिथे आवाज गेला नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा तिथेच थांबला, दहाच्या जिन्यासारखा. मग तिने तिसऱ्यांदा पट्टी उतरवून घेतली आणि गाणं खालून, भिंतीला हात लावत नेल्यासारखं, शेवटपर्यंत नेलं.

थोरल्यांनी डावा कान तिच्याकडे केला होता. ते रडत होते का, हे सांगता येत नाही. अधिकृत भूमिकेनुसार ते झोपले होते.

“सोलर,” आत्या पाणी पिऊन म्हणाली, “फोन लाव रे त्यांना. येते म्हणून सांग. वरच्या पट्टीतलं होणार नाही, तेही सांग. उगाच त्यांनी आशेवर राहायला नको.”

सोलर फोन घेऊन बाहेर गेला. कारकून इतका वेळ दाराच्या चौकटीत उभे होते, आतही नाहीत आणि बाहेरही नाहीत. त्यांनी दोनदा घसा साफ केला. त्यांना बहिणीला काहीतरी म्हणायचं होतं. घरातली माणसं जे शब्द अशा वेळी वापरतात ते त्यांनी मनात शोधून बघितले, पण ते त्यांच्याकडे कधी जमाच झाले नव्हते. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, नजर समोरच्या उघड्या खिडकीवर ठेवली आणि जी एकच भाषा त्यांना नीट येत होती, तिच्यात बोलायला सुरुवात केली.

“प्रति, जगातील सर्व तेलोत्पादक राष्ट्रांचे माननीय मंत्रिमहोदय,” ते म्हणाले. “विषय, धाकट्या बहिणीबाबत. महोदय, आपल्याकडील भाववाढीच्या काळात आमच्या घरी एक वाक्य चुकीचे ऐकले गेले. त्याची अंमलबजावणी खाली सही करणाऱ्याने केली. त्या काळात आपणाकडून मिळालेली खोली आम्ही परत करण्यास तयार आहोत, फरशी व गालिच्यासह. तरी त्या बदल्यात अर्जदाराच्या बहिणीचे त्या वेळेपासूनचे सर्व गुरुवार, वरच्या पट्टीसह, मूळ स्वरूपात तिला परत करण्यात यावेत, ही नम्र विनंती.”